गुंड्या, लांडगे आणि पीटरचा ससा

बरेच वीकांत झाले, हा लेख लिहीन लिहीन म्हणतोय. दरवेळी दोन परिच्छेद झाले की थांबायचो. कारण यात माझी स्वतःची एक चूक आहे आणि ती लिहिताना अजून लाज वाटते. पण इथे नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहेच, काहीही बिघडलं की "हे आलं कुठून?" ते शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. मग तो कोडमधला बग असो, नाहीतर घरातलं कुत्रं. तेव्हा आज थोडा इतिहास. पण सुरुवात घरापासून.

गेल्या वर्षी जुलैतली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीमागे, बायकोला एक ओलं पांढरं बोचकं दिसलं. बोचकं गुरगुरलं म्हणून कळलं की कुत्रं आहे! आपल्याकडे ज्याला सरसकट 'पॉमेरेनियन' म्हणतात तसं, म्हणजे खरं तर इंडियन स्पिट्झ. (१९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी आठवतोय? तोच प्रकार.) गळ्यात नायलॉनची दोरी, केसांच्या जटा, वजन जेमतेम सहा किलो. प्राणिमित्रांच्या मदतीने त्याला पकडलं, लस वगैरे दिली आणि "फक्त दोन दिवस ठेवू" म्हणून घरी आणलं. हे दोन दिवस किती लांबतात ते ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना सांगायला नको.

नाव आईने ठेवलं, गुंड्या. चिं. वि. जोशींचा गुंड्याभाऊ तिचा लाडका. पहिले तीन आठवडे हा गुंड्या इतका गरीब होता की आई म्हणाली, "अरे, नाव चुकलं बहुतेक." मग तो घरात रुळला आणि नाव बरोबर ठरलं. ताटलीजवळ गेलं की गुरगुर. सोफ्यावरून उचलायला गेलं की गुरगुर. पाय पुसायला फडकं आणलं की दात. एकदा बायकोच्या बाहीला धरून लोंबकळला.

ओळखीतून एक ट्रेनर आले. त्यांचं निदान पाच मिनिटांत तयार. "सर, हा स्वतःला घरातला अल्फा समजतोय. त्याला त्याची जागा दाखवा. आधी आपण जेवायचं, मग त्याला. दारातून आधी आपण, मग तो. आणि गुरगुरला की उताणा पाडून धरून ठेवायचा, शांत होईपर्यंत."

मी केलं. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो, त्याचं सहा. पहिल्यांदा तो ओरडला, दुसऱ्यांदा त्याने अंथरुण ओलं केलं. आठवड्याभराने नुसता पडून राहायला लागला, नजर भलतीकडे. तीन आठवड्यांत गुरगुरणं बंद. मी घरच्या ग्रूपवर ऐटीत लिहिलं, "गुंड्या व्हर्जन २.० स्टेबल."

गौरीजेवणाच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. गुंड्या खुर्चीखाली बसला होता. त्याच्या पंजाला रांगोळीचा रंग लागला होता म्हणून आई वाकली आणि तिने त्याचा मागचा पाय धरला. गुरगुर नाही, दात विचकणं नाही, काही नाही. सरळ चावला. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात खोलवर.

पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने जखम धुतली आणि हॉस्पिटल गाठलं. गुंड्याची लस झालेली होती, पण त्याचा आधीचा काही पत्ता नसल्याने डॉक्टरांनी जोखीम घेतली नाही. जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, शिवाय लशीचा पूर्ण कोर्स. रिक्षात आईने एकच प्रश्न विचारला, "पोटात चौदा देणार का रे?" तिच्या पिढीची ही भीती खरी होती. कसौलीला डेव्हिड सेंपलने १९११ च्या सुमारास तयार केलेली, मेंदूच्या पेशींपासून बनणारी लस आपल्या सरकारी दवाखान्यांत जवळजवळ शतकभर चालली. भारतात तिचं उत्पादन डिसेंबर २००४ मध्ये थांबलं. आता दंडात मोजकी इंजेक्शनं असतात. पण "पोटात चौदा" लोकांच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

त्या रात्री घरात बैठक. मामा म्हणाला, "जिथून आणलंत तिथे सोडा. आज हात, उद्या एखाद्या पोराचं तोंड." त्यात चूक काय होतं? बायको रडत होती. आई हाताला बँडेज लावून गप्प बसली होती. शेवटी ती म्हणाली, "आधी गुरगुरायचा तेव्हा कळायचं तरी. या वेळी सांगितलंच नाही त्याने."

मी चरकलोच. ऑफिसात रात्री-बेरात्री सर्व्हरचा अलर्ट वाजतो तेव्हा आम्ही काय करतो? बिघाड शोधतो. ज्युनिअर पोरगा अलर्ट म्यूट करून झोपी गेला तर दुसऱ्या दिवशी त्याची खैर नसते. आणि मी घरी तीन आठवडे नेमकं तेच केलं होतं. गुंड्याची भीती होती तिथेच होती, मी फक्त तिचा आवाज बंद केला होता.

हा 'अल्फा' आला कुठून, याचा शोध त्या रात्री सुरू झाला तो पुढे चार-पाच वीकांत चालला.

मुळाशी निघाल्या चक्क कोंबड्या. नॉर्वेचा थोर्लेफ श्येल्देरूप-एब्बे हा लहानपणापासून कोंबड्यांचं निरीक्षण करून वह्या भरायचा. कोणती कोंबडी कोणाला टोचते आणि कोण मुकाट टोचून घेते, याचा एक ठरलेला क्रम असतो, हे त्याने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. इंग्रजीत 'पेकिंग ऑर्डर' म्हणतात तो हाच. (अप्रेझलच्या दिवसांत हा शब्द फार आठवतो. :) ) कल्पना सोपी आणि आकर्षक होती, त्यामुळे मग प्रत्येक प्राण्यात अशी उतरंड शोधायची लाट आली.

त्याच लाटेत स्वित्झर्लंडचा रुडॉल्फ शेंकेल आला. बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे त्याने अनेक वर्षं पाहिले आणि १९४७ साली त्यांच्या हावभावांवर प्रबंध छापला. निरीक्षणं बारीक आणि प्रामाणिक होती. लांडगे सतत वरच्या जागेसाठी झगडतात, आणि कळपाच्या टोकाला एक वरचढ नर आणि एक वरचढ मादी असते, हे त्याने नोंदलं. अडचण होती ती जागेची. साधारण दहा मीटर बाय वीस मीटरच्या कुंपणात दहापर्यंत लांडगे! दोनशे चौरस मीटर, म्हणजे आपल्या दोन थ्री-बीएचके फ्लॅटांएवढी जागा, आणि त्यातून बाहेर पडायला वाट नाही. तुम्ही-आम्ही दहा अनोळखी माणसं अशी वर्षानुवर्षं कोंडली तर आपल्यातही अल्फा निघतील, आणि चावेही.

पुढे १९७० मध्ये अमेरिकेच्या डेव्हिड मीच यांचं 'द वुल्फ' हे जाडजूड पुस्तक आलं. तोवरचं लांडग्यांबद्दलचं सगळं ज्ञान त्यात एकत्र केलेलं, त्यामुळे शेंकेलचा अल्फाही त्यात. पुस्तक गाजलं, लाखाच्या वर खपलं, आणि शब्द घरोघरी पोचला.

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडलेला भाग. १९८६ पासून मीच दर उन्हाळ्यात कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्झमीर बेटावर जाऊन रानातले लांडगे जवळून पाहायला लागले. तिथे त्यांना दिसलं काय? कळप म्हणजे एक आई, एक बाप आणि त्यांची मागच्या दोन-तीन वर्षांतली पिल्लं. पिल्लं आईबापाचं ऐकतात ते आईबाप आहेत म्हणून. मोठी झाली की घर सोडतात आणि दुसरीकडे संसार मांडतात. गादीसाठी मारामारी नाही. १९९९ मध्ये मीच यांनी शोधनिबंध लिहून सांगितलं की साध्या कुटुंबातल्या आईबापांना 'अल्फा' म्हणण्यात अर्थ नाही. आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते पुढे वर्षानुवर्षं प्रकाशकांच्या मागे लागले होते. २०२२ साली ते अखेर थांबलं. स्वतःच्या सर्वांत यशस्वी रिलीजमधला बग स्वतः जाहीर करायचा आणि ते रिलीज मागे घ्यायला भांडायचं, हे आमच्या धंद्यात मी फारसं पाहिलेलं नाही.

पण शब्द एव्हाना सुटला होता. कुत्र्यांच्या शिक्षणात त्याला तयार जमीनही होती. कोनराड मोस्ट नावाच्या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने १९१० मध्ये कुत्री शिकवण्याचं एक पुस्तक लिहिलं होतं. माणूस आणि कुत्रा यांच्यात वरचढ कोण हे झगड्यातूनच ठरतं आणि तिथे शारीरिक बळ वापरावं लागतं, असं त्याचं म्हणणं. पोलीस आणि सैन्यातल्या दणकट कुत्र्यांसाठीची ही रीत पुढे घरातल्या कुत्र्यांपर्यंत आली. (त्याच पुस्तकात बक्षीस नेमकं कधी द्यावं याचे काळाच्या पुढचे धडेही आहेत. लोकांनी उचललं मात्र बळ.)

मग १९७८ मध्ये एक अनपेक्षित मंडळी आली, न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातले साधू. ते जर्मन शेफर्ड पाळत आणि शिकवत. त्यांच्या लोकप्रिय पुस्तकात कुत्र्याला उताणं पाडून धरण्याची युक्ती आली, म्हणजे तोच तो 'अल्फा रोल'. मागचं गृहीत असं, की वरचढ लांडगा खालच्याला असा पाडतो. प्रत्यक्षात खालचा लांडगा बहुतेक वेळा स्वतःहून उताणा होतो, "बाबा रे, माझं भांडण नाही" हे सांगायला. आपण पाडतो तेव्हा कुत्र्याला काय वाटत असेल? २००२ च्या आवृत्तीत साधूंनीही हा सल्ला मागे घेतला. पण २००४ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक वाहिनीवर 'डॉग व्हिस्परर' सुरू झालं, आणि कळपाचा म्होरक्या व्हा, हा मंत्र जगभरच्या दिवाणखान्यांत गेला. आमच्या ट्रेनरपर्यंत तो तसाच कुठूनतरी फिरत फिरत आला असणार. त्यांना मी दोष देत नाही. प्रत्येकाने आधीच्याचं कॉपी-पेस्ट केलं, मूळ फाईल कोणी उघडली नाही.

बरं, हा सल्ला चालतो का, याचा विदा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेगन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये, वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, की तुम्ही आजवर काय काय करून पाहिलंत आणि कुत्र्याने काय केलं? ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांनी सांगितलं की कुत्रं उलट अंगावर आलं. कुत्र्यावर स्वतः गुरगुरणाऱ्यांत ४१ टक्के, अल्फा रोल करणाऱ्यांत ३१ टक्के, नुसतं रोखून पाहणाऱ्यांत ३० टक्के. २०१० मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी १,२७६ कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली. जितकी शिक्षा जास्त तितकी आक्रमकता जास्त, हे लहान-मोठ्या सगळ्यांत दिसलं. पण शिक्षेबरोबर भित्रेपणाही वाढलेला दिसला तो फक्त वीस किलोच्या आतल्या कुत्र्यांत. आता सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, चावऱ्या कुत्र्याला शिक्षाही जास्त होत असेल, हे मान्य. पण 'दाबल्याने सुधारतं' याला या आकड्यांत कुठेच आधार मिळेना.

इथे छोट्या कुत्र्यांबद्दल थोडं. २००८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातूनच आलेल्या एका अभ्यासात माणसांवर आणि इतर कुत्र्यांवर अंगावर जाण्यात डाक्सहुंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरिअर वरच्या नंबरांवर निघाले. बहुतेकांना हे वाचून हसू येतं. आणि मला वाटतं, गोची त्या हसण्यातच आहे. अल्सेशियन गुरगुरला तर सगळे थबकतात. पॉमेरेनियन गुरगुरला तर मोबाईल काढून व्हिडिओ घेतात. त्याला विचारत कोण नाही, सरळ उचलतात. त्याच्या डोळ्यांतून बघा, आपल्या दहापट मोठा कोणीतरी वरून हात घालतो, पाय जमिनीवरून सुटतात, आणि तो "नको" म्हणतो त्याला कोणी हिंग लावून विचारत नाही. मग जे ऐकलं जातं तेच शिल्लक राहतं, म्हणजे दात.

त्यात त्यांचं बोलणंही वाचायला अवघड. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या मंडळींनी १९९७ मध्ये दहा जातींत लांडग्यांच्या पंधरा इशाऱ्यांपैकी किती उरलेत ते पाहिलं. सायबेरियन हस्कीमध्ये सगळे पंधरा, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये फक्त दोन. आमच्या गुंड्यासारखी जात त्यात नव्हती. पण कापसाच्या गोळ्यात चिमुकले कान आणि पाठीवर वळलेली शेपूट, यातून कोणी काय वाचावं?

तरी वाचता येतं, शिकलं तर. केंडल शेपर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी आक्रमकतेची एक शिडी मांडली आहे. सर्वांत खालच्या पायऱ्या म्हणजे जांभई, डोळे मिचकावणं, नाक चाटणं, तोंड फिरवणं. मग निघून जाणं, अंग चोरणं, शेपूट आत घेणं. मग ताठरून रोखून पाहणं. त्यानंतर गुरगुर, मग हवेत चावा आणि शेवटी खरा चावा. हे वाचून मी आमचे जुने फोटो काढले. आई गुंड्याला छातीशी धरून हसतेय, ग्रूपवर पन्नास बदाम आलेले. गुंड्याचं तोंड वळलेलं, जीभ नाकावर, डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतोय. तो महिनाभर सांगत होता. आम्ही "गोंडस" म्हणत होतो.

मग करायचं काय? याचं उत्तर एका वेगळ्याच घराण्यातून आलं, आणि त्यात लांडगा नाही, ससा आहे.

१९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला एक प्रयोग केला. अकरा महिन्यांच्या बाळापुढे पांढरा उंदीर ठेवायचा, त्याने हात लावला की मागे लोखंडी कांब ठोकून मोठा आवाज करायचा. काही दिवसांत बाळ नुसता उंदीर पाहून रडायला लागलं, मग ससा, कुत्रं, केसाळ कोट पाहूनही. भीती शिकवता येते हे सिद्ध झालं. ती काढायच्या भानगडीत मात्र ते पडले नाहीत. (आज असा प्रयोग करू म्हटलं तर कुठलीही समिती दारात उभं करणार नाही.)

काढून दाखवली ती मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधक बाईंनी, १९२४ मध्ये. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला भयंकर घाबरायचा. जोन्सबाईंनी त्याला खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ दिला, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला पिंजऱ्यातला ससा आणला. रडणार नाही इतपतच जवळ. दुसऱ्या दिवशी थोडा आणखी जवळ. घाई केली असती तर उलटच झालं असतं. सशाची भीती जाण्याऐवजी खाऊचीच भीती बसली असती!

मधे पीटर तापाने आजारी पडला, दोनेक महिने हॉस्पिटलात. घरी निघताना टॅक्सीत चढतेवेळी एक मोठं कुत्रं धावत येऊन त्याच्या आणि नर्सच्या अंगावर झेपावलं. झालं, सगळी भीती परत जिथल्या तिथे. जोन्सबाईंनी पुन्हा खाऊ, पुन्हा पिंजरा, पुन्हा दुरून सुरुवात केली. शेवटी पीटर सशाला मांडीवर घेऊ लागला, आपली बोटं कुरतडू देऊ लागला.

पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पी या दक्षिण आफ्रिकी मानसोपचारतज्ज्ञाने माणसांच्या भीतीसाठी हीच वाट पद्धतशीर उपचार म्हणून बांधली. आज जाणकार पशुवैद्य भेदरलेल्या, चावऱ्या कुत्र्यासाठी जे सांगतात ते मूळ जोन्सबाईंचंच. नावं बदलली, खाऊच्या जागी चिकनचा तुकडा आला, एवढंच.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र त्याच्याही आधीची पायरी घेतली. "आधी त्याला दुखतंय का ते बघू." लिंकन विद्यापीठाच्या डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लिहिलंय, की वर्तनाच्या तक्रारी म्हणून त्यांच्याकडे येणाऱ्या प्राण्यांपैकी कमीत कमी एक तृतीयांश केसेसमध्ये कुठलं ना कुठलं दुखणं सापडतं. गुंड्याच्या दोन दाढा किडलेल्या निघाल्या, आणि मागच्या डाव्या पायाची गुडघ्याची वाटी जागेवरून सरकत होती. लहान जातींत हे नेहमीचं. आईने गौरीच्या दिवशी नेमका तोच पाय धरला होता. आणि मी तीन आठवडे त्याला उताणा दाबत होतो, तो याच गुडघ्यासकट. हे कळल्यावर मी क्लिनिकच्या बाहेर येऊन बराच वेळ गाडीत नुसता बसून राहिलो.

दाढा काढल्या, गुडघ्याला औषध सुरू झालं. मग घराचे नियम बदलले. त्याला उचलायचं नाही, बोलवायचं. ताटली ठेवून निघून जायचं. पाहुणे आले की गुंड्या आतल्या खोलीत, दाराला लाकडी जाळीचं फाटक. आणि तोंडाला जाळीचं मुसकं, जे घालून श्वास घेता येतो, पाणी पिता येतं. ट्रेनिंगला मुसकं म्हटल्यावर मला वाईट वाटलं होतं. आई साताऱ्याकडची, ती म्हणाली, "अरे, मळणीला बैलांना घालायचेच की. त्यात काय शिक्षा?" आधी मुसक्यात नुसता खाऊ ठेवायचा, तो आपण होऊन तोंड घालेपर्यंत. त्याला दोन आठवडे गेले.

मग आईचा हात. ज्या हाताला तो चावला तोच. आई खोलीच्या टोकाला खुर्चीत, गुंड्या माझ्याजवळ. आई हात थोडा पुढे करते, मी तुकडा देतो. हात मागे, तुकडा बंद. क्रम महत्त्वाचा, आधी हात दिसला पाहिजे, मग खाऊ. उलट झालं तर खाऊ म्हणजे संकटाची घंटा होते. रोज पाच मिनिटं. त्याने जीभ नाकावर फिरवली की तिथेच थांबायचं. गुरगुरला तर चूक आमची, आम्ही फार पुढे गेलो, परत मागे यायचं. मी चक्क एक्सेल केली होती, अंतर सेंटिमीटरमध्ये. :)

साडेतीन मीटरवरून पन्नास सेंटिमीटरपर्यंत यायला दिवाळी आली. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री खालच्या पोरांनी जिन्यात सुतळी बॉम्ब लावला. गुंड्या पलंगाखाली गेला तो दोन दिवस बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी आईचा हात तीन मीटरवर दिसला तरी गुरगुरला. माझा धीरच सुटला. पण पीटरची टॅक्सी मी वाचली होती. आईला सांगितली. ती म्हणाली, "मग परत पहिल्यापासून. मला कुठे ऑफिस आहे?" दुसऱ्यांदा निम्म्याहून कमी दिवस लागले.

तुमच्याकडे असं एखादं ध्यान असेल तर माझ्या अनुभवावर जाऊ नका, आधी पशुवैद्याला दाखवा. दुखणं नाही याची खात्री करा. घरात लहान मूल असेल तर फाटक आणि मुसकं आजच आणा, उद्या नको. आणि प्रत्येक कुत्रं असं सुधारेलच असंही नाही. एखाद्याला मुलं नसलेलं, शांत घर शोधणं हाच खरा मार्ग असतो, त्यात हार नाही. मामा त्या रात्री बोलला ते काळजीने बोलला होता, आणि आमच्याकडे पाच वर्षांचं पोर असतं तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

गुंड्या बरा झालाय का? सगळा नाही. डाव्या गुडघ्याला अजून कोणी हात लावत नाही, पावसात पाय पुसायचं फडकं आम्ही जमिनीवर पसरतो, तो त्यावरून चालत जातो. आईच्या अंगठ्याजवळ पांढरा व्रण राहिलाय.

गेल्या रविवारी भाचा आला होता. सात वर्षांचा. खेळता खेळता तो गुंड्याच्या गादीजवळ गेला आणि गुंड्या गुरगुरला. स्पष्ट, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा. मी, बायको, मामा, सगळे जागच्या जागी थांबलो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरं बाबा गुंडोबा, नाही येत कोणी." भाचा दोन पावलं मागे सरकला. गुंड्याने एक जांभई दिली, गोल फिरला आणि परत झोपला.

मग मी उठून त्याच्यासमोर चिकनचा एक तुकडा ठेवला. भाच्याने विचारलं, "मामा, तो गुरगुरला तरी खाऊ?" त्याला म्हटलं, ये इकडे बस, मोठी गोष्ट आहे. कोंबड्यांपासून सुरू होते.

असो. पुढच्या वीकांताला दुसरं काहीतरी.